दीपगृहाचं दार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुटीच्या दिवशी तरी स्क्रूड्रायव्हरचा कंटाळा यावा, अशी त्याच्या बायकोची रास्त अपेक्षा होती. पण घरात त्याला लहानपणापासून खुडबुड्या म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. रविवारी चहा झाला की तो जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरायचा आणि एखादा पुराणा व्हिडिओ गेम उघडून बसायचा. खेळायला नव्हे. आतल्या चिपमधले आकडे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि गेम लिहिणाऱ्यानं कुठं काय डोकं चालवलंय ते ओळ न् ओळ वाचायचं, हा त्याचा छंद. बायकोच्या मते हा लोकांची पत्रं चोरून वाचण्यातलाच प्रकार होता.

त्या रविवारी टेबलावर घरचाच गेम होता. बेटावर फिरून सात किल्ल्या गोळा करायच्या आणि सातवीनं दीपगृहाचं दार उघडायचं, एवढीच त्याची गोष्ट. पस्तीस वर्षांपूर्वी बाबा टीव्ही दुरुस्तीच्या कारखान्यात होते. तिथं एक गिऱ्हाईक हा गेम दुरुस्तीला टाकून गेलं आणि बाबांनी कारखान्यातल्या मशीनवर त्याची नक्कल करून घरी आणली. वर एक करामतही केली. गेम सुरू होताना कंपनीचं नाव यायचं, ते काढून त्यांनी इंग्रजी अक्षरांत पोरांची नावं घातली: ताई आणि खुडबुड्या. जागा बारा अक्षरांची, त्यामुळे खुडबुड्याचं शेवटचं अक्षर बाहेर राहिलं. तुम्ही खेळणार असं मी कळवलं म्हणून कंपनीनंच नावं छापली, असं बाबांनी सांगितलं होतं. खुडबुड्यानं ते शाळेत मिरवलं आणि यथेच्छ हसं करून घेतलं.

ताई तेव्हा नववीत होती. ती त्या दाराच्या हात धुऊन मागे लागली. चौकटीच्या वहीत तिनं सगळ्या बेटाचा नकाशा काढला, सातही किल्ल्या मिळवल्या, पण दार काही उघडेना. सहा महिने ती तिथंच डोकं आपटत बसली आणि नववीत नापास झाली. बाबांनी प्रगतिपुस्तकावर सही केली नाही. "ना अभ्यास धड, ना खेळ धड. अर्धवट आहेस तू," एवढं म्हणून ते पुस्तक त्यांनी आईकडे सरकवलं.

रागाच्या भरात बोललेला शब्द, पण तो घरातच मुक्कामाला राहिला. ताईनं शिवणाचा क्लास सोडला, पहिली नोकरी बदलली, प्रत्येक वेळी बाबांनी तोच काढला. आता ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, वीस वर्षं एकाच दुकानात, तरीही तो शब्द काही सुटला नाही. बाबा खुडबुड्याकडेच राहतात. ताई महिन्यातून एकदा येते, खांद्यावरची पर्स न काढता दहा मिनिटं बसते आणि जाते.

खुडबुड्याला बघायचं होतं ते इतकंच, की ताईचं चुकलं कुठं. दाराचा कोड सापडायला तीन रविवार गेले. सापडला तेव्हा त्यानं तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. दार किल्ली बघतच नव्हतं. त्याआधी ते अख्ख्या चिपमधल्या आकड्यांची बेरीज करून बघत होतं. एक आकडा जरी कुणी बदलला असला, तरी बेरीज चुकायची आणि दार कायमचं बंद. तोवर मात्र गेम काहीच बोलायचा नाही. नाव बदलून खपवल्या जाणाऱ्या नकलांवर उपाय म्हणून कंपनीनं रचलेला सापळा होता तो. बाबांनी गेम जसाच्या तसा उतरवला असता तरी सुटले असते. पोरांच्या कौतुकापायी बारा अक्षरं बदलली आणि तिथंच घोडं अडलं.

हे बाबांना सांगायचं की नाही, यावर त्यानं अख्खा दिवस घालवला. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. उगाच कशाला जखम उकरा, असं बायको म्हणाली. मग तीच म्हणाली, पण ताईंनी का सोसायचं? त्यानं सांगितलं.

बाबांनी चष्मा लावून जुन्या आणि नव्या बारा अक्षरांच्या आकड्यांची बेरीज कागदावर स्वतः दोनदा केली. मग चादरीवरची चिप उचलून त्याच्या हातात दिली.

"नावं काढून टाक," ते म्हणाले. "कंपनीचं घाल परत."

काढायची गरज नाही, असं खुडबुड्यानं समजावलं. चिपच्या शेवटी रिकामी जागा होती. तिथं हिशेबानं दोन आकडे टाकले की बेरीज जुळते आणि नावंही राहतात. नवी चिप लिहून झाली. दार उघडतं का ते त्याला बघायचं होतं, पण बाबांनी हात लावू दिला नाही. तो मान ताईचा, म्हणाले.

ताईला त्यानं फोनवर फक्त वही आहे का विचारलं. कधीच फेकली, असं ती म्हणाली आणि पुढच्या रविवारी पर्समध्ये घालून घेऊन आली. गेम बघून ती जरा चिडलीच. हे आता मला कुठं आठवतंय, म्हणत टीव्हीसमोर बसली. तिच्या बोटांना मात्र सगळं आठवत होतं. तासाभरात सातवी किल्ली मिळाली आणि ती दारापाशी येऊन थांबली.

"उघडत नाही ते," ती म्हणाली.

बाबा खुर्चीतून उठून तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांना खाली बसायला त्रास होतो, तरी बसले.

"तुझ्यामुळं नव्हतं अडलं, बाळा. मी तुमची नावं घालायला गेलो आणि त्यानं दार बंद झालं. ते उघडणारच नव्हतं. आणि वर तुलाच अर्धवट म्हणालो. चुकलं माझं."

ताईनं भावाकडे बघितलं. त्यानं मान डोलावली. मग तिनं बटण दाबलं. दार सरकलं, वर दिवा लागला, एक आखूड धून वाजली आणि गेम पुन्हा पहिल्या पानावर आला. तिथं त्या दोघांची नावं होती.

"एवढंच होतं होय," ताई म्हणाली.

पर्स खाली ठेवून तिनं वही काढली. शेवटच्या पानावर बंद दार आणि त्यावर प्रश्नचिन्ह होतं. तिनं प्रश्नचिन्ह खोडलं, दारावर छोटासा दिवा काढला आणि वही बाबांपुढे धरली.

"सही करा," ती म्हणाली.

बाबांनी पूर्ण नाव लिहिलं.