घड्याळातल्या तीनच्या जागी कप

न्हावी दिवसभर गप्प बसला. गिऱ्हाईकं डिवचत होती, पण गडी हूं की चूं करायला तयार नव्हता.

कप तीनच्या जागी. पाण्याचा पेला बाराच्या जागी. बिस्किटं नऊच्या.

मोज्याला पडलेलं भोक आणि त्यातून हवा खायला आलेला अंगठा.

बाहेर काढलेली जीभ, तिरळे केलेले डोळे. शाळेतल्या पोरी मास्तरांची पाठ वळली की करतात तसलं तोंड.

काळा चष्मा.

"थांबा, जोडून देते," असं म्हणून म्हणून गुळगुळीत झालेला आवाज.

आता हे सगळं एका धाग्यात ओवायला हवं. धागा म्हणजे तो आवाज, आणि आवाज मावशीचा.

*

मावशीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. बहीण लवकर गेली, तिच्या मुलीला मावशीनेच वाढवलं. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण भाची शाळेच्या भाषणातही वापरायची आणि टाळ्या घ्यायची. टाळ्या कुठे पडतात हे तिला तेव्हापासून कळत होतं.

मोठी होऊन भाचीने संस्था काढली. अंधांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची. दोन खोल्या, एक माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे पुठ्ठे. पण शेजारी पत्रे ठोकणारा. कुठलंही पुस्तक लावा, नायकाच्या मरणातही ठक ठक ऐकू यायची. नीट बंद खोली बांधायची होती.

"देणगी मागितली की लोक घड्याळ बघतात," भाची म्हणायची. "त्यांना काहीतरी करायला द्यावं लागतं."

म्हणून तिने गावातल्या सगळ्यात बडबड्या न्हाव्याला एक दिवस गप्प बसवलं. तो जितका वेळ टिकेल तितके पैसे गिऱ्हाइकांनी डब्यात टाकायचे. नंतर तिने पत्रेवाल्याची हातोडीच लिलावात काढली. जिंकणाऱ्याने ती दिवसभर घरी ठेवून घ्यायची. त्या दिवशी संस्थेत एक अख्खं पुस्तक वाचून झालं. पत्रेवाला स्वतः ऐकायला येऊन बसला होता. हाताला काम नव्हतं ना.

मग निघाली 'एक तास' योजना. कुणीतरी कुणाला तरी आठवड्यातला एक तास द्यायचा आणि अशा प्रत्येक तासामागे एक कापड व्यापारी संस्थेला पैसे देणार.

"एक फोटोवाले आहेत," भाची मावशीला म्हणाली. "मोठा स्टुडिओ होता त्यांचा. आता दिसत नाही. एकटेच असतात. वाचून दाखवशील?"

"मी?"

"तुझ्यासारखा आवाज कुणाचा आहे? त्यांना गरज आहे गं."

निवृत्त झाल्यापासून मावशीची गरज कुणाला पडली नव्हती. घरचा फोन वाजलाच तर राँग नंबर असायचा, आणि मावशी त्याच्याशीही जरा जास्तच बोलायची. ती हो म्हणाली. मग संस्थेत येणाऱ्या एका अंध शिक्षिकेकडून तिने ताट, कप, पेला घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे कसे मांडायचे, हात कसा धरायचा, हे सगळं शिकून घेतलं.

*

गुरुवार.

फोटोवाले काळा चष्मा लावून बसायचे. दीपगृहाच्या रखवालदाराची एक जाडजूड कादंबरी मावशीने वाचायला घेतली होती.

"कप तीनच्या जागी आहे."

"बरं बरं," फोटोवाले म्हणायचे.

"इथे पायरी आहे, जपून."

"असं का," ते म्हणायचे. स्वतःच्या घरातली पायरी.

फार गोड माणूस, मावशीला वाटायचं. उपकाराचं ओझं न दाखवता उपकार घेतो. ती त्यांच्या हातात कप द्यायची, बोटं कपाच्या कानाभोवती वळवून द्यायची. आणि समोर डोळे नाहीत म्हटल्यावर तिचाही जीव सैलावला. ती टेबलाखाली बूट काढून बसायला लागली. फाटका मोजा तर फाटका. फोटोवाल्यांनी "तेवढं पान पुन्हा वाचता का?" म्हटलं की ती जीभ काढून डोळे तिरळे करायची आणि मग अतिशय अदबीने म्हणायची, "अवश्य."

रखवालदाराचं कुत्रं मेलं त्या दिवशी ती रडली. आवाजात मात्र थेंब येऊ दिला नाही. ही एक्स्चेंजमधली विद्या; गालावर पाणी वाहतंय आणि तोंड म्हणतंय, थांबा, जोडून देते.

"जरा थांबू या का?" फोटोवाले म्हणाले होते. "मला पाणी हवंय."

काय वेळ साधतात, मावशीला वाटलं होतं. देवाने एक घेतलं की दुसरं देतो म्हणतात ते खोटं नाही.

*

योजनेला वर्ष झालं तेव्हा भाचीने हॉल घेतला. व्यापारी, देणगीदार, न्हावी, सगळे आले. प्रत्येक जोडीतल्या एकाने चार शब्द बोलायचे.

फोटोवाले उठले. मावशी हात द्यायला अर्धी उभी राहिली, तोवर ते खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले होते. पायऱ्या चढले. डोळ्यांवर साधा चष्मा. माइकची उंची स्वतःच खाली केली.

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं," ते म्हणाले, "काही महिने उजेड सोसत नव्हता. तेव्हा संस्थेच्या या ताई म्हणाल्या, एक बाई आहेत, एकट्या आहेत, त्यांना वाचून दाखवायची फार हौस, पण ऐकायला कुणी नाही. तुम्ही एक तास द्याल? त्या जरा वेगळ्या वागतील, हाताला धरतील, करू द्या. त्यांना कुणाचं तरी करायची सवय आहे. मी म्हटलं, माझं काय जातंय? उजेड सोसायला लागल्यावरही गुरुवारी काळा चष्मा लावत राहिलो. त्यांना तो आवडतो, असं ताई म्हणाल्या होत्या."

टाळ्या. मग भाचीने मावशीचं नाव पुकारलं.

मावशी माइकपाशी गेली. आवाज तोच, गुळगुळीत. "मला सांगितलं होतं," ती म्हणाली, "यांना दिसत नाही."

हॉल हसायला लागला. न्हाव्याने तर मांडीवर थाप मारली. त्यांना वाटलं, बसवलेला विनोद आहे. व्यापारी उभा राहून म्हणाला, खोलीचा सगळा खर्च माझा. सगळ्यात जोरात टाळ्या भाचीच्या.

*

हॉलच्या मागे कपबश्या विसळायची जागा होती. भाची तिथे तिला गाठायला आली, गाल लाल, डोळे चमकत होते.

"काय बोललीस गं मावशी. एका वाक्यात खोली झाली."

"तू खोटं सांगितलंस. दोघांनाही."

"प्रत्येकाला वाटलं पाहिजे, आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय. त्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. तू हलली असतीस?"

"मी तुझी मावशी आहे. देणगीदार नाही."

"म्हणून तर तुझ्यापासून सुरुवात केली. तू रागावलीस तरी सोडून जाणार नाहीस." भाचीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या कार्यक्रमात हेच दोघांनी मिळून सांगायचं. आधी ते, मग तू. लोक वेडे होतील."

मावशीने तो हात उचलला आणि ओट्यावर ठेवला, कपबशी ठेवावी तसा. घडाघडा बोलायचं होतं, पण तोंडात 'थांबा, जोडून देते' याखेरीज काही येईना, म्हणून ती कप विसळायला लागली.

दाराशी फोटोवाले उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"मलाही आत्ताच कळतंय," ते म्हणाले.

"तुम्ही सगळं बघत होतात."

"हो."

"मोजा?"

"डावा."

"आणि जीभ?"

"जीभपण." ते हसणार होते, पण हसले नाहीत. "मला वाटलं, तुम्हाला मोकळं वाटतंय. बोललो असतो तर तुम्ही यायचं थांबवलं असतं."

"कुत्रं मेलं त्या दिवशी पाणी हवं होतं तुम्हाला?"

"नाही."

मावशीने पिशवीतून कादंबरी काढली. खुणेची पट्टी शेवटच्या प्रकरणात होती. रखवालदार जिना चढत होता आणि वर दिवा आहे की नाही ते कळायचं राहिलं होतं. तिने त्यांचा हात धरला नाही. बोटं वळवून दिली नाहीत. पुस्तक नुसतं पुढे केलं, कुणाही डोळस माणसाला द्यावं तसं.

"उरलेलं तुम्ही वाचा," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतं."

"गुरुवारी?"

ती पायऱ्या उतरून गेली. आत हॉलमध्ये भाची माइकवरून सगळ्यांचे आभार मानत होती आणि माय मरो पण मावशी जगो म्हणत होती.

वर्षापूर्वी, अगदी पहिल्या गुरुवारी, मावशीने घंटी वाजवायच्या आधीच दार उघडलं गेलं होतं. फोटोवाले खिडकीत उभे राहून काळ्या चष्म्यातून रस्त्यावर तिची वाट बघत होते.