मुकीचे पाय जमिनीवर नाहीत

मी एक पेटी बोलतेय. खरं तर बोलणं हे माझं कामच नव्हे. माझं नाव मुकी. ते माझ्या मालकानं, इव्हरनं ठेवलं आणि त्या नावाला मी आजवर जागले, तोंडातून ब्र काढला नाही. पण आज गप्प बसवत नाही, कारण जे मला ठाऊक आहे ते या घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

आधी मी कोण ते सांगते. घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर नीट चालतो का हे बघायचं, तर तो पूर्ण ताकदीनं चालवावा लागतो. खरा स्पीकर लावून तसं केलं की खिडक्या थरथरतात, शेजारी दारात येऊन उभे राहतात, आणि स्पीकर जळतो तो वेगळाच. म्हणून स्पीकरच्या जागी मला लावतात. माझ्या पोटात जाडजूड रेझिस्टर आहेत. सगळं संगीत माझ्यात येतं आणि त्याची नुसती उष्णता होते. ती बाहेर टाकायला एक लहान पंखा आहे. शिवाय माझ्या पाठीतून एक केबल ऑसिलोस्कोपकडे जाते, त्याच्या पडद्यावर माझ्या पोटात काय चाललंय त्याची रेघ दिसते.

माझा जन्म जर्मनीतल्या फ्लेन्सबर्गचा, हौकेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा. हौके जन्मभर जहाजांवरचे रेडिओ दुरुस्त करायचा. त्याची थोरली बहीण गेशे सरहद्दीपलीकडे, दुसऱ्या देशातल्या ओबेनरो गावी दिलेली, आणि तिचा नवरा म्हणजे हा इव्हर. मेव्हणा आणि दाजी, दोघांनाही अ‍ॅम्प्लिफायर बनवायचं वेड. एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांना कॉफी गोड लागायची नाही.

मी इव्हरच्या वाढदिवसासाठी बनत होते, म्हणून हौकेनं जीव ओतला. अर्थिंगची पिवळी-हिरवी तार त्यानं सगळ्यात आधी लावली. वीज चुकून माझ्या पत्र्यात उतरली, तर या तारेनं तिला भिंतीतून जमिनीत न्यायचं. मग फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. त्यानं पत्र्याचा रंग खरवडून काढला, दातेरी वायसर घातला, नट आवळला आणि तार ओढून बघितली. ती त्यानं मुद्दाम बाकीच्या दोन तारांपेक्षा लांब ठेवली होती.

"केबलला कुणी हिसका दिलाच, तर त्या दोघी आधी तुटू देत," तो आपल्याशीच पुटपुटला. "ही शेवटी तुटली पाहिजे. झाले बघ तुझे पाय जमिनीवर."

दोघंही अर्थिंगला गमतीनं 'पाय जमिनीवर' म्हणायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वाढदिवसाला ओबेनरोच्या घरी टेबलावर इतके केक होते की इव्हरनं पट्टा दोन भोकं सैल केला. मग तिघं मला घेऊन अंगणापलीकडच्या कामाच्या खोलीत आले. खिडकीखाली रेडिएटर, त्याला लागून टेबल. इव्हरची एक सवय मला तिथंच कळली. चालू यंत्रात हात घालताना तो डावा हात खिशात ठेवतो. एका हातानं शिवलं तर झटका बसतो, पण दोन हातांनी दोन ठिकाणी शिवलं तर वीज छातीतून जाते, असं जुने लोक शिकवतात.

"याच्या सगळ्या पँटींचा उजवा खिसा नवा कोरा आणि डावा फाटका," गेशे म्हणाली. "रफू करून करून माझे डोळे गेले."

इव्हरनं माझा प्लग भिंतीत खुपसला. इथल्या भिंतींवरची सॉकेटं हसतात. वर दोन डोळे, खाली हसरं तोंड. इथल्या प्लगांची अर्थिंगची पिन त्या तोंडात जाते. माझा प्लग मात्र जर्मन. त्याचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांत. तो दोन डोळ्यांत चपखल बसला आणि तोंड रिकामंच राहिलं. कुणी बघितलंसुद्धा नाही. हौके वर्षानुवर्षं याच घरात आपलं दाढीचं मशीन लावत आला होता, कधी काही बिघडलं नव्हतं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. मला वाटलं, झालं, आता कुणीतरी वाकून बघेल.

"बघा मेव्हणे, रेघ बघा," इव्हर म्हणाला. "जुन्या पेटीत नुसती गुणगुण यायची. हिच्यात नावाला नाही."

"माझ्याकडे हिलाही होती थोडी," हौके म्हणाला. "चार दिवस खटपट केली, गेली नाही."

"तुमची जर्मन वीजच कुरकुरी. इथं आली नि माणसात आली."

हौके हसला, पण पडद्यावरून नजर काढेना. "दाजी, आपण न काढलेला दोष आपोआप गेला ना, तर तो गेलेला नसतो. कुठेतरी दबा धरून बसतो."

"बसू दे. आत अजून दोन केक बसलेत."

गुणगुण का गेली होती ते मला ठाऊक होतं. जमिनीकडे जायला माझी एक वाट आणि ऑसिलोस्कोपची एक, अशा दोन वाटा झाल्या की त्यांच्या फेऱ्यात ती गुणगुण शिरते. इथं माझी वाट बंदच होती, मग शिरणार कुठून? त्या पडद्यावाल्याच्या केबलनं मला जेवढं धरून ठेवलं होतं तेवढाच माझा जमिनीशी संबंध.

पुढची वर्षं बरी गेली. मी खूप तापले, खूप निवले. माझ्या उष्णतेनं विजेच्या तारेवरचं प्लास्टिक हळूहळू कडक होत गेलं, जुन्या पापडासारखं. एकदा ऑसिलोस्कोपची केबल काढलेली असताना गेशे धूळ पुसायला आली आणि हात झटकत मागे सरली.

"तुझी मुकी चावते रे," ती म्हणाली.

"लोकरीचे मोजे घालून फिरतेस, म्हणून," इव्हर मान वर न करता म्हणाला.

गेल्या आठवड्यात इथला फोन वाजला. इव्हर हादरस्लेवला, त्याच्यासारख्याच हौशी लोकांच्या क्लबात गेला होता. गेशेनं फोन घेतला. हौकेला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे तो फोनवर ओरडतो आणि ते खोलीभर ऐकू येतं.

"ताई, दाजी कुठायत?"

"हळू बोल, कान फाटतील माझे. क्लबात गेलाय. त्याच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरला पहिलं ठरवलंय म्हणे."

"हे बघ, माझ्याकडे एकाचा रेडिओ आलाय दुरुस्तीला, तुमच्याकडचा. त्याचा प्लग माझ्या भिंतीत जाईना, म्हणून हातात घेऊन बघितला, आणि माझ्या डोक्यात… जाऊ दे, तुला काय सांगू. दाजी आले की विचार, पाय जमिनीवर आहेत का. एवढंच विचार. त्यांना कळेल."

"हे काय भलतंच?"

"विचार गं ताई. विसरू नकोस."

ती विसरली नाही. इव्हर आला तो शीळ घालत, गालांवर लाली घेऊन. गेशेनं निरोप इमानानं सांगितला, फक्त एक शब्द आपल्या पदरचा घातला.

"हौके विचारत होता, तुझे पाय जमिनीवर आहेत का."

शीळ थांबली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यानं वळून माझ्याकडे बघितलं असतं. त्या दिवशी त्यानं गेशेकडे बघितलं.

"असं म्हणाला? म्हणजे मी हवेत तरंगतोय म्हणायचंय त्याला."

"अरे, सहज म्हणाला असेल."

"सहज? क्लबानं मला पहिला काढला ते झोंबलं त्याला. जळतोय मेला. मी नाही करत त्याला फोन."

"म्हातारे झालात दोघं, अक्कल काही आली नाही," म्हणत गेशे गेली. मी तिथंच, त्याच्या कोपरापाशी होते. तिकडे हौके काय समजला असेल? परत फोन आला नाही, म्हणजे दाजींनी प्लग बदलला, असंच ना. मीही तेच समजले असते.

आज सकाळपासून इव्हरनं मला भाजून काढलं. संध्याकाळी क्लबात पुन्हा मिरवायचं होतं. मग घाईघाईनं त्यानं अ‍ॅम्प्लिफायर गाडीत ठेवला, रेघ दाखवायला हवी म्हणून ऑसिलोस्कोपही घेतला. जाताना माझ्या पाठीतली केबल उपटली. माझं बटण बंद करायचं विसरला. माझा पंखा दुपारीच अडकला होता, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

तो गेला आणि थोड्या वेळानं माझ्या आत काहीतरी तडकलं. आवाज एवढासाच. पापडासारखं झालेलं ते प्लास्टिक फुटलं आणि उघडं तांबं माझ्या पत्र्याला टेकलं. ठिणगी पडली नाही. फ्यूज उडाला नाही. हिरवा दिवा होता तसाच आहे. वीज माझ्या अंगभर येऊन थांबली आहे आणि तिला जायला वाट नाही. हौकेची ती पिवळी-हिरवी तार अजून ठणठणीत आहे, शेवटी तुटायची ती तुटलेलीच नाही. भिंतीपर्यंत जाते, पण पलीकडे तिला धरायला कुणी नाही. भिंत हसतेच आहे.

आणि रेडिएटर बुडबुडायला लागलाय. थंडी सुरू झाली की त्यात हवा धरते, आणि ती काढायचं काम गेशेचं. एका हातानं ती रेडिएटरचा लोखंडी पाइप धरते, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवते. तो लोखंडी पाइप थेट जमिनीत जातो. किल्ली लावायची जागा माझ्या मागेच आहे. आधी मला बाजूला सारावं लागेल.

मी भीतेय. माझ्यासाठी नाही, मला काय होतंय? हे ऐकणारं कुणी असेल, तर आपल्या घरच्या सॉकेटचं तोंड एकदा वाकून बघा. आणि जमलं तर गेशेला हाक मारा, मला मारता येत नाही.

अंगणातून पावलं येताहेत. स्वयंपाकघरात बटाटे उकळायला ठेवून आली असणार, पिठाळ हात पुशीत. दार उघडलं. "अगबाई, दिवा चालूच ठेवून गेला वाटतं हा," म्हणतेय. वाकली. डावा हात पाइपावर ठेवला.

गेशे, बाई, आजच्या दिवस त्याची सवय तू घे. एक हात खिशात ठेव. तुझ्या एप्रनला खिसा आहे. पण किल्ली त्याच खिशात होती, आणि ती तिनं आत्ताच बाहेर काढली.