कमरेला राहिलेला हूक

मी हमालाचा हूक बोलतो आहे. माझे चित्र तुम्ही मोठ्या खोक्यांवर पाहिले असेल. त्यावर फुली मारलेली असते. ‘या मालाला हूक लावू नये’, असा तिचा अर्थ. स्वतःचे चित्र जन्मभर फुलीसह पाहूनही ज्याची मान ताठ राहिली, असा बहुधा मी एकटाच असेन.

बदलापुरातील एका लोहाराने मोडीतील सळई तापवून मला घडवले. चामटोलीच्या बाळाजींनी मला घेतले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. उल्हासनगरात भूपेशशेठच्या कापडाच्या गाठी ट्रकमध्ये चढवणे, हे त्यांचे काम. माझे टोक गोणपाटातून आत जाते आणि कापडाला भोक पाडते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखले.

एके दिवशी परदेशी जाणाऱ्या मालाचे दोन ट्रक भरायचे होते. गाठींवर माझे फुलीचे चित्र होते. हरिचंद्र नावाच्या हमालाच्या टोळीने हूक लावून पहिला ट्रक दुपारीच भरला. दुसऱ्या ट्रकवरच्या बाळाजींनी मात्र मला कमरेला खोचले आणि गाठी हातांनी उचलायला सुरुवात केली.

“बाळ्या, गाठ आहे ती, बाळंतीण नाही,” हरिचंद्र हसला.

भूपेशशेठ घड्याळ पाहत आले. “साईं, पाच बजे बंदराचा गेट बंद होतो. हूक लगाव आणि खेच.”

“शेठ, चित्र बघा. फुली आहे.”

“अरे, चित्र कौन देखता है?”

बाळाजींनी मला हात लावला नाही. ट्रक उशिरा पोहोचला, जहाज चुकले आणि बाळाजींचे कामही गेले. घरी पत्नी विठाबाई आणि तान्ही लेक शलाका होती.

त्या ट्रकमधला माल पुढच्या जहाजाने गेला. दोन महिन्यांनी परदेशातून कळले, की पहिल्या ट्रकमधील कापड भोकांमुळे नाकारले गेले. दुसऱ्यातील एकही तागा फाटला नव्हता. भूपेशशेठ स्कूटरवरून चामटोलीला आले.

“चल साईं, गलती माझी. कल से कामावर ये.”

“मजुरीला नाही येणार, शेठ. तुमच्या दारापासून जहाजापर्यंत माल माझ्या जबाबदारीवर द्या.”

“तेरे पास गाडी किधर आहे?”

“गाडी भाड्यानं मिळते,” विठाबाई आतून म्हणाल्या. “भरवशाचा माणूस मिळत नाही, म्हणून तर इथवर आलात ना?”

भाड्याच्या टेम्पोपासून अंबरनाथच्या गोदामापर्यंत सहा वर्षे लागली. मग बंदरातील कंत्राट, मग एका जुन्या मालवाहू जहाजात अर्धा हिस्सा, मग ते पूर्ण जहाज. आज बाळाजींची नऊ जहाजे समुद्रावर आहेत. प्रत्येकाच्या धुराड्यावर त्यांनी माझे चित्र रंगवून घेतले आहे, अर्थात, फुलीसह.

अंबरनाथ पूर्वेच्या कचेरीत त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर माझी जागा. गेल्या महिन्यात त्या खुर्चीवर शलाकाताई बसल्या. पहिल्याच दिवशी एका बड्या गिऱ्हाइकाचा फोन आला: जहाजावर चढवलेली यंत्रे नीट बांधून झाली नसली, तरी जहाज आजच सोडा, नाहीतर पुढचा माल दुसऱ्याला देईन. बाळाजी समोर बसले होते.

“जहाज उद्या निघेल,” ताई म्हणाल्या. “पुढच्या मालाचं तुम्ही ठरवा.” फोन ठेवल्यावर त्यांचा आवाज जरा उतरला. “आबा, गिऱ्हाईक गेलं तर?”

“माझं तर कामच गेलं होतं.” बाळाजींनी मला खिळ्यावरून काढून लेकीच्या हातात दिले.

“याचं काय करू?”

“काही करायचं नाही. मीही केलं नव्हतं.”

आता मी ताईंच्या टेबलावर असतो. टोकाला गंज चढला आहे. तो मी अभिमानाने मिरवतो. वाचकहो, एकच मागणे आहे. माझे चित्र असलेले खोके हाती आले, तर क्षणभर थांबून ते पाहा. चित्र कोण बघतो, असे कोणी विचारलेच, तर चामटोलीच्या बाळाजींचे नाव सांगा.