लालमियाँची फुंक

अंबडच्या त्या बँडपार्टीत एक न लिहिलेला कायदा होता. ज्याचा दम गेला, त्याच्या हातात खुळखुळा द्यायचा. मान जात नाही, लाल कोटही अंगावर राहतो, पण भर वरातीत खुळखुळा हलवणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघायला सवड कुणाला असते? लालमियाँ मास्तरांनी आजवर तिघांना तो स्वतःच्या हाताने दिला होता. आता चौथा नंबर आपला, या भीतीने त्यांना जेवण जाईना.

चाळीस वर्षं क्लॅरनेट वाजवलेला माणूस. पण गेल्या लग्नसराईत दोन वराती त्यांना मध्येच सोडाव्या लागल्या. फटाक्यांचा धूर आला की छाती आवळायची, आत शीळ वाजायची, आणि तासाभरात सगळं जिथल्या तिथे. गल्लीतल्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली तेव्हा छाती साफ निघाली. मास्तरांना तेवढंच हवं होतं. चार दिवस ते भेटेल त्याला हेच सांगत सुटले. बायको शकीला मात्र त्यांना पुरती ओळखून होती. तिने बँडमध्येच असलेल्या मुलाच्या, तन्वीरच्या, मागे तगादा लावला, आणि एका सोमवारी त्याने बापाला एस.टी.त बसवून जालन्याला दम्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मास्तर रस्ताभर खिडकीकडे तोंड करून रुसले होते.

दवाखान्यात अक्षता नावाची मुलगी तपासणी घ्यायची. पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची, छातीभर श्वास घ्यायचा आणि फुंकायचं. हे ऐकून मास्तरांचा रुसवा पळाला. फुंकण्यात आपल्याला कोण हरवणार? त्यांनी ओठ आवळले आणि अशी एकसारखी, मुलायम फुंक सोडली की ती संपता संपेना. बाकावरचे पेशंट बघत राहिले. फुंक संपली तेव्हा मास्तरांनी दाद मिळेल म्हणून मान वर केली.

दाद कसली! यंत्राच्या पडद्यावर रेघेचा उभा डोंगर यायला हवा होता, आला होता शेताचा सपाट बांध. अक्षताने समजावलं की सगळा श्वास एका झटक्यात बाहेर फेकायचा असतो. मास्तरांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा बांध. चार वेळा तेच झालं.

"श्वास उधळायचा न्हाई, हे शिकण्यात माझी जिंदगी गेली, बाई," मास्तर म्हणाले. "आन् तुमी म्हणता उधळा."

अक्षताने थोडा विचार केला. वाजवताना क्लॅरनेटच्या भोकात थुंकीचं पाणी अडकलं तर काय करता, असं तिने विचारलं. त्यात काय, एक सणसणीत फुंक मारायची, मास्तर म्हणाले.

"मंग काका, ह्या नळीत पाणी अडकलंय असं समजा."

पुढच्या फुंकीला पडद्यावर डोंगर उभा राहिला. पाठोपाठ मास्तरांना खोकल्याची उबळ आली, आणि शीळ वाजू लागली ती थांबेना. अक्षताने पंपाने औषध दिलं आणि पाव तासाने पुन्हा फुंकायला लावलं.

डॉक्टर राजानंदांनी औषधाआधीच्या आणि नंतरच्या तपासणीचे दोन्ही कागद शेजारी ठेवले. मोठ्या श्वासनळ्या ठीक होत्या. टोकाच्या अगदी बारीक नळ्या मात्र आवळल्या होत्या. तिथला बिघाड छातीला नळी लावून बऱ्याचदा कळतच नाही. वर या नळ्या तापट. धूर, गार वारा, नुसती जोराची फुंक, एवढ्यानेही त्यांचं डोकं फिरतं. औषधाने त्या मोकळ्या होत होत्या, हे दुसऱ्या कागदावर दिसत होतं. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि बरं वाटलं तरी मनाने सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

मास्तरांच्या ओठांवर एकच प्रश्न होता, पण विचारायचा धीर होईना. शेवटी तन्वीरनेच विचारला.

"वाजवू द्या की," डॉक्टर म्हणाले. "फक्त धुरापासून लांब राहायचं."

मास्तरांचे डोळे भरून आले. मग त्यांच्या ध्यानात आलं, मास्तरची जागा वरातीच्या तोंडाशी, आणि फटाकेही तिथेच. शेवटच्या रांगेतला मास्तर कुणी पाहिलाय? घरी यावरून दोन दिवस वादावादी झाली. मागे उभे राहिलात म्हणून सूर काय मागे राहणार आहे का, असं शकीलाने विचारलं, तेव्हा ते क्लॅरनेट पुसायला बसले.

दोन महिन्यांनी घनसावंगीच्या वरातीत लालमियाँ ढोलांच्याही मागे उभे राहिले. पुढे फटाके कडाडले, धूर तिकडेच विरला. त्यांनी श्वास घेतला, तो पार खाली पोचला, आणि क्लॅरनेट गाऊ लागलं. मास्तर इतके खुश झाले की कडवं संपल्यावर हसू आवरेना म्हणून थोडे थांबले.

तेवढ्यात पुढून कुणीतरी ट्रम्पेटवर तो सूर अलगद उचलला. खणखणीत, जराही न डगमगता. इतकी वर्षं पुढे चालताना फटाके आणि स्वतःचं क्लॅरनेट, याशिवाय मास्तरांच्या कानावर काही धड पडलंच नव्हतं. त्यांनी टाचा उंचावून पाहिलं. तन्वीर वाजवत होता.

वरात मांडवाशी पोचल्यावर ते गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेले.

"तू अच्छा बजाता रे," ते म्हणाले. "कबसे?"

तन्वीर कपाळावरचा घाम पुसत होता.

"पंद्रा साल से, अब्बा."