कुठंच न पोचणारा रस्ता

उलटे आबा जन्मभर उलटे चालत आले, पण त्यांची टाच कधी चुकली नाही. दोर वळणाऱ्याला उलटं चालावंच लागतं. एका टोकाला म्हातारी चाक फिरवणार आणि हे कमरेला वाखाचा गठ्ठा बांधून, बोटांतनं धागा सोडत मागं मागं सरकणार. तीनशे पावलं जायचं, तीनशे यायचं. चाळीस वर्षांत पायाखालची पट्टी अशी घट्ट झाली होती, की पाऊससुद्धा तिच्यावर आपटून शेजारच्या शेतात उडी मारायचा. आबांचं बघून गावातली मांजरं उलटी चालायला लागली, असंही लोक सांगतात. पण ते खोटं. एकच मांजर होतं.

त्या दिवशी मात्र दोनशे दहाव्या पावलाला आबांची पाठ कशावर तरी आदळली. तिपाई आडवी, दुर्बीण आडवी आणि त्यामागं मोजणीसाहेब उताणे.

“अहो म्हातारबाबा, भर रस्त्यात दोर कसले वळता?” साहेब धूळ झटकत ओरडले.

“रस्ता? कुठाय रस्ता?” आबांनी खरंच इकडंतिकडं पाहिलं.

साहेबांनी नकाशा उलगडला. शहर फुगत चाललं होतं आणि राज्याचा कायदा म्हणत होता, की शहरानं वाढायचं ते असलेल्या रस्त्याच्या कडेकडेनं. आबांच्या पट्टीवर नकाशात लाल रेघ होती. ती शंभर फूट रुंद होणार, दोन्ही अंगांना चार-चार मजले उठणार.

“मग मी दोर कुठं वळू? गच्चीवर?”

“तसं नकाशात काही दिसत नाही,” साहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

गावची बाकी जमीन सगळी चढउताराची. तीनशे पावलं सरळ आणि सपाट अशी ही एकच जागा. ती गेली की चाक गेलं, धंदा गेला. आबा तडक कारभारणीकडं गेले, मागं म्हातारी. गावाचा कारभार बघणारी ही बाई एका खोलीच्या कचेरीत बसायची. तिथल्या लोखंडी कपाटाचं दारही आबांच्याच दोरानं बांधलेलं होतं.

तिनं दोर सोडला, जुनं दप्तर काढलं आणि कपाळावर हात मारला.

“आबा, ही रेघ त्यांनी नाही ओढली, तुम्ही ओढलीत! दोर मातीत लोळतो, मधे दोन खांब पायजेत, म्हणून वीस वर्षांमागं माझ्या सासऱ्यांच्या मागं कोण लागलं होतं? खांब फुकट मिळतात ते रस्त्यालाच. मामंजी तेव्हा कारभारी, त्यांनी लिहून टाकलं. रस्ता एक, दिवे दोन.”

आबांना आठवलं. त्या खांबांना आकडे त्यांनीच ठोकले होते. दोर त्यावर झोकात झुलायचा. दिव्यांचा उपयोग तेवढा कुत्र्याला.

“मी सांगत होते, बांबू रोवा,” म्हातारी म्हणाली. “पण यांना सरकारी खांब पायजे! घ्या आता, आपलाच धोंडा आपल्याच पायावर.”

“अगं, आधी उपाय तर ऐकू दे.”

कारभारणीनं कायद्याचं पुस्तक उघडलं. “आखणी राज्याची. पण जमिनीवर काय आहे, रस्ता की ओढा की झाड, ते गावसभेनं ठरवायचं. सभा म्हणाली रस्ता नाही, तर सरकारी माणसानं स्वतः चालून बघायचं आणि तो कुठं पोचतो ते लिहायचं. कुठंच पोचत नसला, तर रेघ खोडायची.”

आबा दिवसभरात पहिल्यांदा हसले. “मग बोलवा सभा. मी चाळीस वर्षं चालतोय, अजून कुठंच पोचलो नाही!”

ठराव झाला. आठ दिवसांनी मोजणीसाहेब चालायला आले, तर म्हातारीनं त्यांच्या कमरेला वाखाचा गठ्ठा आवळला.

“हे काय, आजी?”

“इथं मोकळ्या हातानं कुणी चालत नाही, बाबा. कायदा तुमचा, पण चाक माझं.”

साहेब उलटे निघाले. पहिल्या वीस पावलांत धागा सात वेळा तुटला. शंभराव्याला जमायला लागलं. दीडशेला साहेब गुणगुणायला लागले. सारा गाव बांधावर बसून ओरडत होता, “डावी टाच साहेब, डावी!” “पीळ सोडू नका!” दोनशे नव्वदला आबा म्हणाले, “बास आता.” पण साहेबांना रंग चढला होता. तीनशे पाचाव्या पावलाला ते कमरेपर्यंत खताच्या खड्ड्यात होते.

त्यांनीच वळलेला धागा आबांनी चारपदरी केला, पीळ भरला आणि त्याच दोरानं साहेबांना वर ओढलं. दोर तुटला नाही. साहेब खड्ड्यापेक्षा दोराकडंच जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी वही काढली आणि लिहिलं: “सदर रस्ता खतखड्ड्यात पोचतो. पुढे मार्ग नाही. परत यावे लागते.” आणि नकाशावरची लाल रेघ खोडून टाकली.

बांधावर शिट्ट्या वाजल्या. आबांनी आनंदानं गिरकी घेतली, तीही उलटी.

“एक राहिलंच,” साहेब म्हणाले. “रस्ता नाही, म्हणजे रस्त्याचे खांब इथं ठेवता येत नाहीत. उद्या उपटायला माणसं येतील.”

आबांचं तोंड उतरलं. खांब गेले की दोर पुन्हा मातीत लोळणार. त्यांनी कारभारणीकडं पाहिलं. ती एव्हाना बांधावर चढली होती.

“सभा बसलेलीच आहे. ही दोन झाडं आहेत, असा ठराव मांडते. हात वर!”

सगळे हात वर गेले. झोपलेल्याचा हात शेजाऱ्यानं वर केला.

साहेबांनी एका खांबावर टिचकी मारली. टण्ण वाजलं. “याला पानं कुठायत?”

“गळली,” आबा म्हणाले.

“आणि मुळं?”

“सिमेंटात धरलीत. जातच तशी चिवट.”

एवढ्यात दिवेलागण झाली आणि दोन्ही खांबांवरचे दिवे लख्ख पेटले. साहेबांनी मान वर केली.

“आणि हे काय?”

“फळं धरलीत, साहेब,” म्हातारी चाकापाशी बसल्या बसल्या म्हणाली. “पण अजून कच्ची आहेत. हात लावू नका.”

साहेबांनी खताळलेल्या हातानं वहीत लिहिलं: “झाडे दोन.” मग तिपाई खांद्यावर टाकून ते निघाले. पट्टी संपेपर्यंत ते पाठमोरे झालेच नाहीत. उलटेच चालत गेले, आणि एकदाही टाच चुकली नाही.