मोडीतली घागर

मी तांब्याची घागर बोलतेय. घाईनंच बोलावं लागेल, कारण पलीकडे हातोडा सुरू झालाय आणि माझा नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. भीती वाटते का? वाटते. फार वाटते.

माझा जन्म याच नगरच्या बाजारातला, इथून दोन दुकानं पलीकडे. तेव्हाही हातोड्याचे घाव खाल्ले, पण ते घडवण्यासाठी होते. एक दिवस एक शेतकरी लेकीच्या लग्नासाठी घागर घ्यायला आला. टिचक्या मारून, कान लावून त्यानं मला निवडलं.

"नाव घालायचं का?" तांबटानं विचारलं.

"घाला की. गोजर."

"नुसतं गोजर? जावयाचं नाव, आडनाव?"

"ते तिला सासरी मिळंलच. ही घागर माजी हाय, मी ठेवल्यालं नाव घाला. आन् मोडीत घाला, मला वाचाया येतं."

त्या काळी रोजचं लिहिणं मोडीतच चाले. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं भराभर जोडत न्यायची. तांबटानं छिन्नीनं ठिपका ठिपका ठोकत माझ्या अंगावर 'गोजर' उतरवलं. घरी गेल्यावर बापानं लेकीचं बोट धरलं आणि त्या अक्षरांवरून फिरवलं. "बग, ही तू."

गोजर कधी शाळेत गेली नव्हती. एवढंच एक वाचन तिला आलं आणि ते बोटानं. बेलापूरला नांदायला आल्यावर ती मला रोज चिंचेनं, राखेनं लखलखीत घासायची, पाणी ओतायची आणि बोट फिरवत हळूच म्हणायची, "ही मी." मला गुदगुल्या व्हायच्या.

पुढे तिचं नाव कोणी घेईनासं झालं. आधी ती सून झाली, मग भिमाजीची आई. आणि इकडे मोडीही उठून गेली. बाजारपेठेतले जुने कारकून एकेक करून वारले, पोरं शाळेत बालबोध, म्हणजे देवनागरी, गिरवू लागली. विहिरीवर नव्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या. "ह्या काय गं मुंग्या चालल्यात घागरीवर?" त्या हसत, आणि मला मात्र एकच घोर लागे. उद्या चुकून परक्या दारात राहिले, तर मी कोणाची हे कोण वाचणार?

यंदाच्या उन्हाळ्यात तेच झालं. सूर्यभान पाटलांच्या मुलाचं लग्न निघालं. गावभरातून भांडी गेली, त्यात मीही गेले. अक्षता पडल्या आणि दुसऱ्या दिवशी गोजर सुप्याला लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली.

भांडी परत करायचं काम नव्या सुनेकडे, चांगुणाकडे आलं. सातवी शिकलेली गुणी पोर. नावं वाचून तिनं हंडे, पातेली, परात घरोघर पोचवली. उरले मी एकटी. सासूला विचारायचा तिला धीर होईना, म्हणून पाण्याला जाता जाता तिनं मला शाळेतल्या गुरुजींपुढे धरलं.

"गुरुजी, हिच्यावर काय लिवलंय?"

गुरुजींनी मला उन्हात फिरवून पाहिलं. "अगं, ही मोडीत आहे," ते म्हणाले. तेवढ्यात घंटा झाली आणि ते वर्गात गेले.

चांगुणानं मोडी लिपीचं नावही ऐकलं नव्हतं. तिला ठाऊक होती ती भांड्यांची मोड. तिनं माझ्या बुडाचे पोचे पाहिले आणि तिला ते पटलं. "मोडीत हाय व्हय, तरीच कुनी न्याया आलं न्हाई." पाटलांच्या पडवीत फुटक्या भांड्यांचं पोतं भांडीवाल्याला द्यायला काढून ठेवलं होतं. तिनं मला त्यात टाकलं. मी ओरडले असते हो, पण कोणी वाजवल्याशिवाय घागरीला आवाज कुठून येणार? त्या पोत्याच्या बदल्यात घरात स्टीलची चकचकीत भांडी आली.

भांडीवाल्यानं ते पोतं नगरला विकलं आणि आता मी इथे, तांबटाच्या दुकानातल्या ढिगाऱ्यात आहे. सकाळपासून शेजारची भांडी उचलली जातात, हातोड्याखाली चपटी होतात आणि भट्टीकडे जातात. आणि आत्ताच, दुकानाच्या दारात, माझ्या ओळखीचा आवाज आलाय.

"दादा, माजी घागर चुकून आलीय. बापानं दिल्याली. तिच्यावर नाव हाय." गोजरच ती! सुप्याहून परतल्यावर तिनं मला मागितलं असणार, कारण शेजारी चांगुणा उभी आहे, रडून रडून डोळे सुजलेली.

"आजी, ढीग केवढा आहे बघा. असली अक्षरं मला वाचता येत नाहीत. तुम्हाला येतात?"

"न्हाई. पन बोटाला येत्यात."

ती ढिगापाशी बसली आहे. डोळे मिटून एकेका भांड्यावर बोट फिरवते आहे. हंडा झाला, कळशी झाली. आता तिचा हात माझ्यावर आला. तोच खरखरीत हात! पण मी आडवी पडले आहे आणि नाव खालच्या अंगाला, जमिनीकडे दाबलं गेलंय. वरच्या अंगाला तिला नुसतं गुळगुळीत तांबं लागतंय.

"ही न्हाई," ती म्हणतेय. हात पुढच्या घागरीकडे चाललाय. तिकडून तांबटाचा माणूस माझ्याकडे येतोय.

तुझा बाप गेल्यापासून तुला या नावानं कोणी हाक मारली नाही. मी मारते. ऐक गं, गोजर! नाव खालच्या बाजूला आहे. मला एकदा फिरव.