वर्षावसर आणि झाकणांचा ब्लॉग

सभागृहात उभं राहायलाही जागा उरली नव्हती. आधी खुर्च्या भरल्या, मग पायऱ्या भरल्या, मग लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. आणि ही काही अडाणी, भाबडी माणसं नव्हती बरं का. सगळी ब्लॉग लिहिणारी मंडळी. कोणी सायकलींवर लिहिणारा, कोणी कुंडीतल्या झाडांवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. एरवी जगाला रोज चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारे हे लोक व्यासपीठाकडे तोंडाचा आ करून बघत होते.

व्यासपीठावर वर्षावसर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. जुन्या बाबांची दाढी आणि कफनी गेली, कॉलरला लावायचा माइक आला, धंदा मात्र तोच. सरांची कृपा ज्याच्यावर होईल त्याच्या ब्लॉगला दोन-तीन दिवसांत प्रायोजक मिळतो, अशी त्यांची ख्याती होती. म्हणजे एखादी मोठी कंपनी आपणहून मेल पाठवते, की आमची जाहिरात तुमच्या ब्लॉगवर करा, तुमचा वर्षभराचा भार आम्ही उचलतो. कृपेचा हा असा वर्षाव होतो म्हणून ते वर्षावसर.

सरांनी डोळे मिटले, दोन बोटं कानापाशी नेली आणि खोल आवाजात म्हणाले, "सुई दिसतेय मला. सुई आणि धागा. एक भगिनी बसल्यात इथं, फाटलेलं सांधणाऱ्या. त्यांच्या बोटात आईचं पितळी टोपण आहे. आईनं जाताना दिलेलं."

पाचव्या रांगेत बसलेल्या रफूवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती एका लाँड्रीच्या दुकानात कोपऱ्यात बसून रफू करायची आणि घरी आल्यावर रफूवरच ब्लॉग लिहायची. कोपरावर विरलेला स्वेटर कसा वाचवावा, कसरीनं खाल्लेल्या शालीला कुठला टाका घालावा, असलं सगळं. वाचकच तिला रफूवाली म्हणायचे. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते पितळी टोपण खरोखरच तिच्या आईचं होतं. ती उभी राहिली आणि तिला रडूच कोसळलं.

"रडू नका भगिनी," सर म्हणाले. "विश्वातली एक लहर तुमच्याकडे निघाली आहे. ती मेलवर येईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लहरीला रफूवालीचा मेलचा पत्ता कसा काय ठाऊक, असा प्रश्न एकालाही पडला नाही.

आणि गंमत म्हणजे मेल आलाच. एका नामांकित धागा कंपनीच्या नावानं आला होता. रफूवालीनं तो वाचला आणि ती हवेत तरंगायला लागली. तुम्ही तिला हसाल, पण जरा थांबा. गेली कित्येक वर्षं घरातले तिच्या लिहिण्याला 'चिंध्यांचा उद्योग' म्हणत आले होते. नवरा माणूस चांगला, पण त्यानंही कधी एक लेख धड शेवटपर्यंत वाचला नव्हता. आता एवढी मोठी कंपनी म्हणत होती की तुमचं काम मोलाचं आहे. लाँड्रीतला कोपरा सोडून रस्त्याकडे काच असलेली स्वतःची खोली घ्यायची, दारावर पाटी लावायची, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते खरं ठरावं असं तिला फार, फार वाटत होतं.

तिनं मेल नणंदेला दाखवला. नणंदबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, भावाच्या घरी चार दिवस राहायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"'आदरणीय प्रतिभावंत, आपले सर्व लेख आमच्या संचालकांनी वाचले, ते भारावून गेले.' बरं. 'करारापूर्वी आपल्या ब्लॉगचा पासवर्ड, म्हणजे आपली किल्ली, आमच्याकडे समर्पित करावी.' हं. 'उद्या सूर्यास्तापूर्वी. याची वाच्यता कुठेही करू नये, अन्यथा कृपाभंग होईल.' काय गं, धाग्याची कंपनी केव्हापासून सूर्यास्त बघायला लागली?"

"ताई, तुम्ही लगेच खोड काढायला बसू नका हं. ते सरांच्या भाषेत लिहितात."

"संचालकांना कुठला लेख आवडला ते लिहिलेलं नाही."

"सगळेच आवडले असतील."

"माझ्या वर्गातली मुलं पुस्तक न वाचता येतात ना, ती अशीच बोलतात. सगळे धडे आवडले म्हणतात. आणि किल्ली कशाला हवी त्यांना? जाहिरात तू लावशील की तुझ्या हातानं. भाडेकरू ठेवताना आपण घराची कागदपत्रं त्याच्या नावावर करून देतो का?"

रफूवालीचं तोंड उतरलं. "मग आईचं टोपण त्यांना कसं कळलं? ते तर मी कुणालाच सांगितलेलं नाही."

नणंदबाईंनी रफूवालीचाच ब्लॉग उघडला आणि एका लेखावर बोट ठेवलं. आईच्या टोपणावरचा सविस्तर लेख होता तो, फोटोसकट. खाली वाचकांचे हळवे अभिप्राय. ब्लॉगवाल्यांचं हे असं असतं. घरातल्या सगळ्या गोष्टी स्वतःच्या हातानं जगजाहीर करायच्या आणि कोणी त्या परत सांगितल्या की चमत्कार झाला म्हणून डोळे पुसायचे.

"वाचला असेल त्यांनी. म्हणजे वाचतात तरी!" रफूवाली चिडून म्हणाली. "माझं काही चांगलं होतंय ते कुणाला बघवत नाही या घरात."

नणंदबाईंना ते लागलं. पण मुलांपुढे उभं राहून त्यांच्या अंगी संयम आला होता. त्या म्हणाल्या, "मी तुझे लेख वाचते, म्हणून तर बोलतेय. सगळं तुझंच आहे ते, एकदा हातातून गेलं तर कोण देईल परत? असं करू. पडताळून बघू. उद्या त्यांची पुढची सभा आहे ना? मी येते. माझा मुळात ब्लॉगच नाही. तरीही मी आहे म्हणून सांगते. सरांची दृष्टी खरी असेल तर ते मला चारचौघांत खोटी पाडतील, आणि मग मी तिथंच त्यांचे पाय धरीन. तोवर किल्ली मात्र द्यायची नाही."

रफूवाली कबूल झाली. जरा घाबरतच तिनं त्या मेलला उत्तर पाठवलं की थोडा वेळ हवा. चहाचा कप उचलेपर्यंत उलट उत्तर हजर. 'विशेष बाब म्हणून सूर्यास्त दोन दिवस पुढे ढकलण्यात येत आहे.'

"बघ बाई," नणंदबाई म्हणाल्या, "सूर्यसुद्धा ऐकतो त्यांचं."

रफूवालीला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सभागृहाबाहेर लांबलचक रांग होती. रांगेत एक मोत्यांच्या माळा घातलेल्या बाई सगळ्यांना पाणी देत फिरत होत्या. बोलायला इतक्या गोड की विचारू नका. मागच्या खेपेला रफूवालीशीही त्या अशाच अघळपघळ बोलल्या होत्या. आता त्यांनी नणंदबाईंना गाठलं.

"पहिल्यांदाच येताय? कशावर लिहिता तुम्ही?"

"झाकणांवर," नणंदबाई म्हणाल्या.

"कसली झाकणं?"

"भांड्यांची. ज्यांची भांडी हरवलीत आणि नुसती झाकणं मागे राहिलीत, अशी. आमच्या आजोबांनी जमवलेली. ब्लॉगचं नाव 'एकटं झाकण'."

रफूवालीनं गाल आतून चावून धरला. मोतीबाईंनी मात्र मोठ्या सहानुभूतीनं मान हलवली, सरांच्या शुभेच्छा पाठवायच्या म्हणून मेलचा पत्ता विचारून घेतला आणि पाण्याचा जग घेऊन आत गेल्या.

सभा सुरू झाली. पुढच्या रांगेत सायकलकाका मान खाली घालून बसले होते. सायकलींवर लिहिणारे, वयानं सगळ्यांत मोठे. सरांचे पहिले भक्त म्हणून पूर्वी यांचाच सत्कार व्हायचा. आज सर त्यांच्याकडे बघतही नव्हते.

सरांनी डोळे मिटले. बोटं कानापाशी गेली. "गोल... काहीतरी गोल दिसतंय. धातूचं. आणि एक वृद्ध गृहस्थ. आजोबा का? हो, आजोबाच. त्यांनी जन्मभर काहीतरी जमवलं."

आपण नणंदेबरोबर आलोय हे क्षणभर विसरून रफूवाली मनातल्या मनात सरांनाच विनवायला लागली. पकडा हिला. ही खोटं बोलतेय, म्हणा. एवढं एक करा, मी रात्रीच्या आत किल्ली देते.

"झाकणं!" सर गरजले. "भगिनी, उभ्या राहा. तुमचा प्रत्येक लेख मी वाचला आहे. झाकणांवर असं आजवर कोणी लिहिलेलं नाही."

सरांच्या तोंडून त्या दिवशी निघालेलं खरं वाक्य तेवढंच. रफूवाली खुर्चीत मागे टेकली. रस्त्याकडची ती काच, ती पाटी, सगळं तिच्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं. फार वाईट वाटलं तिला.

सर रंगात आले होते. "तुमची तळमळ मोठी आहे. तुम्हाला थांबावं लागणार नाही. फोन बघा!"

नणंदबाईंचा फोन खरंच वाजला. सभागृहात हलकल्लोळ. सरांनी त्यांना व्यासपीठावर बोलावून मेल मोठ्यानं वाचायला लावला. एक भांड्यांची कंपनी होती. 'आपले झाकणांवरील सर्व लेख आमच्या संचालकांनी वाचले, ते भारावून गेले.' पुढे किल्ली, पुढे सूर्यास्त, पुढे कृपाभंग. टाळ्या थांबेनात.

टाळ्या ओसरल्यावर नणंदबाई वर्गात बोलतात तशा शांतपणे म्हणाल्या, "माझा ब्लॉग नाही. कधीच नव्हता. आमच्या आजोबांनी झाकणं जमवली नाहीत, ते पोस्टात होते. हे सगळं मी बाहेर रांगेत पाणी देणाऱ्या बाईंना सांगितलं. फक्त त्यांनाच. तुमच्या हातात फोन आहेत, 'एकटं झाकण' शोधून बघा."

अंगठे भराभर चालले. कुठेच काही सापडलं नाही.

आता सरांची बोबडी वळेल असं तुम्हाला वाटलं असेल. छे, मुरलेला गडी होता. त्यानं मंद स्मित केलं. "बाळांनो, काळ तुमच्यासाठी सरळ रेषा आहे, माझ्यासाठी नाही. या भगिनी हा ब्लॉग पुढे लिहिणार आहेत. मी भविष्यातले लेख वाचले."

आणि काय सांगू तुम्हाला, अर्ध्या सभागृहानं माना डोलावल्या. एकानं तर डोळे पुसले.

तेवढ्यात पाचव्या रांगेत रफूवाली उभी राहिली. "सर, तुम्ही भविष्यातले लेख वाचलेत, मान्य. पण कंपनीच्या संचालकांनी कसे वाचले? तेही भविष्यातून आले का?"

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग खिडकीतले हसले, मग पायऱ्यांवरचे, आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. त्या हसण्यात सरांचा चेहरा पहिल्यांदा पडला.

"माझ्या धाग्याच्या कंपनीचाही अगदी हाच मेल आहे," रफूवाली पुढे म्हणाली. "शब्द न् शब्द. फक्त झाकणांच्या जागी रफू."

मग सायकलकाका उठले. "मी किल्ली दिली होती," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बदलली. आता माझ्या ब्लॉगवर जुगाराच्या जाहिराती आहेत, माझ्या नावानं, माझ्या फोटोखाली. माझं वाचून सायकली घेतलेली मुलं तिथं जातात. मी सरांना विचारलं तर म्हणाले, तुमची श्रद्धा कमी पडली. मला वाटलं, पडली असेल."

हसणं जागच्या जागी थांबलं.

पुढचं सगळं झटपट झालं. चहाच्या टेबलामागे मोतीबाई तोंडाशी माइक धरून बसलेल्या सापडल्या. रांगेत ऐकायचं, उरलेलं ब्लॉगवरून उचलायचं, सरांच्या कानात लपवलेल्या इवल्या स्पीकरमध्ये सांगायचं आणि कंपन्यांच्या नावानं मेल पाठवायचे, एवढाच तो चमत्कार. ज्यांनी किल्ल्या दिल्या त्यांचे ब्लॉग जुगारवाल्यांना विकले जात होते. वाचकांचा विश्वास आयताच मिळत होता ना! सर मागच्या दारानं शेपूट घालून निघाले होते, पण कट्ट्यांवर बसलेले लोक आधीच खाली उतरून दार अडवून उभे होते. पोलिसांत रीतसर तक्रार झाली. सायकलकाकांचा ब्लॉग परत मिळाला, पण फार खेटे घातल्यावर, आणि निम्मे लेख पुसले गेल्यावर.

रफूवाली अजून लाँड्रीतल्या कोपऱ्यातच बसते. काही महिन्यांनी तिला एका बटणांच्या दुकानदाराचा फोन आला. त्याला तिच्या ब्लॉगवर जाहिरात द्यायची होती. तिनं त्याची उलटतपासणीच घेतली. दुकान कुठे, लेखी करार करणार का, जाहिरात आहे असं वाचकांना मी स्पष्ट सांगितलं तर चालेल का. मग ती दुकानात जाऊन स्वतः बटणं बघून आली. दुकानदार वैतागला, पण सगळ्याची उत्तरं त्यानं दिली. किल्ली काही मागितली नाही. उलट म्हणाला, "बाई, एक सांगू का? तुमचा तो काजांवरचा लेख फार लांबलाय. मधला भाग मला जड गेला."

रफूवालीला इतका आनंद झाला की तिनं नणंदेला लगेच फोन लावला. "ताई, त्यानं खरंच वाचलाय हो!"

वाचकहो, तुम्ही ब्लॉग लिहा किंवा लिहू नका, तुमच्या दारातही असा वर्षाव कधीतरी येईल. तो तुमच्या कामाबद्दल काहीही न सांगता नुसती स्तुती करील, घाई करील, कुणाला सांगू नका म्हणेल आणि तुमची किल्ली मागेल. तेव्हा हात जोडू नका. प्रश्न विचारा, चार माणसांना दाखवा, ज्या कंपनीचं नाव घेतलंय तिला स्वतः फोन करा. आणि जे खरं ठरावं असं तुम्हाला मनापासून वाटतंय, ते जरा जास्तच तपासून घ्या.